दाखल्यावरचा टक्का आणि गल्लीतलं जगणं

समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "करवीर आणि पन्हाळा तालुक्यातल्या काही गावांत पक्षाघात झालेले, संधिवाताचे आणि कुष्ठरोगातून बरे झालेले असे साठेक लोक घेऊन, आजारपणामुळे रोजच्या जगण्यातला त्यांचा सहभाग किती कमी झाला हे मला मोजायचं आहे. मार्गदर्शक म्हणतात, दिव्यांग दाखल्यावरची टक्केवारी घे, काम सोपं होईल. ते बरोबर होईल का? नसेल तर कोणती प्रश्नावली वापरू आणि माणसांना कसं विचारू?"

मी व्यवसायोपचार तज्ज्ञ आहे. कोल्हापुरात आणि आसपासच्या तालुक्यांत रुग्णालय, शिबिरं, घरभेटी मिळून तेवीस वर्षं हेच काम करते आहे. टक्केवारी लिहून ठेवा, माहिती म्हणून ती असू दे. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात नाही.

माझ्या ओळखीच्या दोन माणसांचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. एक तरुण, कमरेखालचं अंग पूर्ण गेलेलं, दाखल्यावर ऐंशीच्या वर टक्के. बाजूला चाकं जोडलेल्या स्कूटरवरून रोज दुकानात येतो, मोबाईल दुरुस्त करतो. तालमीच्या गणपतीच्या वर्गणीचा हिशेब त्याच्याकडेच असतो आणि मिरवणुकीच्या आदल्या रात्री पोरं त्याच्याच दुकानात बसलेली असतात. दुसरी एक बाई, कुष्ठरोगाचं औषध पूर्ण होऊन नऊ वर्षं झाली, डाव्या हाताची दोन बोटं तेवढी वाकडी राहिली. दाखल्याला लागतात ते चाळीस टक्के भरत नाहीत. पण भावकीतल्या लग्नात तिला पोळ्या लाटायला कुणी हाक मारत नाही. दूध संस्थेत दूध घालायला ती मुलाला पाठवते. बचत गटातून तिचं नाव कधी गळलं हे तिलाही नीट सांगता येत नाही. सहभागाची प्रश्नावली भरली तेव्हा तरुणाचे गुण आले ६ आणि बाईचे ४१. या मोजणीत गुण जास्त म्हणजे अडवणूक जास्त. टक्केवारीवर गेला असता तर तुमचा प्रबंध या दोघांबद्दल बरोबर उलटं बोलला असता.

याचा अर्थ दाखला चुकीचा असतो असा नाही. त्याचं काम वेगळं आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्क्यांची अट आहे. ही टक्केवारी मुख्यतः शरीराची कमतरता मोजते: सांधा किती वळतो, स्नायूत किती जोर आहे, किती ऐकू येतं. सवलत कुणाला द्यायची हे ठरवायला अशी ठोकळ रेघ लागतेच. मानसिक आजारांसाठी मात्र आपल्याकडे 'आयडियाज' ही मोजणी वापरतात. तिच्यात स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम अशी चार अंगं बघतात, शिवाय आजार किती वर्षांचा आहे तेही धरतात. म्हणजे जगण्याकडे बघून आकडा काढणं आपल्या व्यवस्थेला अगदी परकं नाही. तोंडी परीक्षेत मार्गदर्शकांनी हा मुद्दा काढला तर हे उदाहरण द्या.

पाया म्हणून आयसीएफ वाचा. जागतिक आरोग्य संघटनेने मे २००१ मध्ये मान्य केलेलं हे वर्गीकरण आहे. त्यात शरीर, कृती आणि सहभाग असे स्तर मानले आहेत आणि सहभागाची व्याख्या सोपी आहे: जगण्यातल्या प्रसंगांत माणसाचं सामील असणं. त्यातले दोन शब्द तुम्हाला पदोपदी लागतील. एक, माणसाला काय 'करता येतं'. दोन, तो आपल्या घरात, आपल्या गावात प्रत्यक्ष काय 'करतो'. आमच्या उपचार खोलीत समांतर दांड्यांना धरून आणि मग काठी घेऊन पन्नास फेऱ्या मारणारे आजोबा घरी गेल्यावर चार महिने पारावर गेलेले नसतात. कारण उंबऱ्यापुढची पायरी दीड फुटाची असते, पुढे उघडं गटार असतं, आणि मुलगा म्हणतो, "कशाला उगं पडाबिडायला." करता येतं, पण करत नाहीत. या दोन्हींमधलं अंतर हाच तुमच्या अभ्यासाचा गाभा.

आता एक सापळा. पक्षाघाताच्या रुग्णांसाठी बार्थेल निर्देशांक सगळीकडे हाताशी असतो. १९६५ सालचा आहे, दहा बाबी, शंभर गुण: जेवण, अंघोळ, कपडे, शौच-लघवीवरचा ताबा, खुर्चीतून उठणं, जिना वगैरे. उत्तम साधन आहे, मी रोज वापरते. पण शंभरपैकी शंभर मिळालेला माणूस अंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून दिवसभर खिडकीत बसलेला असू शकतो. तो बाजाराला गेला का, घरातल्या जमिनीच्या व्यवहारात त्याला कुणी विचारलं का, मुलीच्या स्थळाच्या बैठकीत तो होता का, हे बार्थेल विचारतच नाही. त्यासाठी ते केलेलंच नाही. तुमचे निम्मे पक्षाघाताचे रुग्ण बार्थेलवर 'ठीक' निघतील आणि तुम्हाला वाटेल अडचणच नाही.

तुमच्या तिन्ही गटांना चालेल असं माझ्या मते पार्टिसिपेशन स्केल, ज्याला आम्ही पी-स्केल म्हणतो. नेपाळ, भारत आणि ब्राझील इथे कुष्ठरोग आणि इतर आजारांच्या लोकांबरोबर काम करून ते तयार झालं आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. १८ प्रश्न आहेत. काम मिळण्याची संधी, घरखर्चाला हातभार, गावाबाहेर बाजाराला जाणं, सणसमारंभ, लोकांच्या घरी जाणं-येणं, गावातला मान, घरातली कामं, घरच्या चर्चेत शब्दाला किंमत, अनोळखी माणसाला भेटताना वाटणारा मोकळेपणा, नवं काही शिकण्याची उमेद. प्रत्येक प्रश्न असा असतो: तुमच्या बरोबरीच्या लोकांइतकं तुम्ही हे करता का? उत्तर 'हो' असेल तर शून्य. 'कधीकधी' किंवा 'नाही' आलं तर पुढचं विचारायचं, याची तुम्हाला किती अडचण वाटते? अजिबात नाही १, थोडी २, मध्यम ३, मोठी ५. म्हणजे जास्तीत जास्त ९०. बारापर्यंत लक्षणीय अडवणूक नाही, १३ ते २२ सौम्य, २३ ते ३२ मध्यम, ३३ ते ५२ तीव्र, ५३ आणि त्यापुढे अतितीव्र. पंधरा वर्षांच्या वरच्यांसाठीच वापरा.

या मोजणीची खरी ताकद 'बरोबरीचे लोक' या कल्पनेत आहे आणि नेमकी तिथेच मी सुरुवातीला चुकले. पहिल्या सर्वेक्षणात मी 'तुमचे सोबती' असा शब्द ठेवला होता. कुष्ठरोगातून बरे झालेले एक काका बिनदिक्कत "हो, हो" म्हणत गेले आणि गुण आले शून्याच्या आसपास. उठताना सहज विचारलं, "सोबती म्हणजे कोण धरलं हो तुम्ही?" म्हणाले, "आमच्या वसाहतीतलीच की माणसं. सगळी सारखीच आम्ही." चाळीस मुलाखती झाल्या होत्या. सगळ्या बाजूला ठेवल्या आणि पुन्हा घरोघर गेलो. तेव्हापासून मी मुलाखतीआधी पाच मिनिटं यातच घालवते: "तुमच्या वयाचं, तुमच्यासारख्याच घरचं, तुमच्याच गल्लीतलं, पण हा आजार नसलेलं एक माणूस डोळ्यांसमोर आणा. आणलंत? कोण?" नाव कागदावर लिहायचं नाही, पण त्यांना मनात धरायला लावायचं. मग प्रत्येक प्रश्नात "त्यांच्याइतकं" असं म्हणायचं.

दुसरा शब्द 'त्रास'. इंग्रजी प्रश्नावलीचं मराठी करताना सगळेच "याचा तुम्हाला किती त्रास होतो?" असं लिहितात. आपल्या भागात त्रास म्हटलं की माणूस गुडघा दाखवतो. संधिवाताच्या बायका तर हमखास दुखणंच सांगतात आणि तुमची सहभागाची मोजणी दुखण्याची मोजणी होऊन बसते. मी "याची अडचण किती वाटते, मनाला किती लागतं?" असं विचारते. "मनाला लागतं" म्हटल्यावर चेहरा बदलतो, हे तुम्हीही बघाल.

आणि "चाललंय की." या उत्तराशी तुमची रोज गाठ पडणार. कोल्हापूरकर माणूस परक्यापुढे रडगाणं गात नाही. कशात अडतंय का विचारलं तर "काय न्हाई, चाललंय की" म्हणेल. ते उत्तर म्हणून लिहून घेऊ नका. गेल्या वेळची खरी गोष्ट विचारा: "जोतिबाच्या चैत्र यात्रेला गेल्या वर्षी घरातनं कोण कोण गेलं?" "मागच्या आठवडी बाजाराला पिशवी कुणी उचलली?" "परवाच्या बारशाला तुम्ही कुठं बसला होता?" मत विचारलं की मोघम मिळतं, प्रसंग विचारला की माणूस सांगायला लागतो. मात्र गुण ठरलेल्या प्रश्नावरच द्यायचा. हे प्रसंग फक्त आठवणीचं दार उघडायला.

प्रश्नावलीत "हे मला नकोच आहे" किंवा "मला करावं लागत नाही" अशीही सोय आहे आणि तिला शून्य गुण आहेत. ही सोय योग्य आहे. ज्याला भजनाची आवडच नाही त्याच्या भजनाला न जाण्याला अडवणूक का म्हणायचं? पण इथे घाई केलीत तर फार मोठी गोष्ट हातातून निसटते. पक्षाघातानंतर दोन वर्षं घरात बसलेला माणूस "मला जायचंच नाही कुठं" म्हणतो तेव्हा ती निवड असते की हार? मी एवढंच विचारते, "आजाराआधी जात होता का?" आधी जात होता आणि आता 'नको' म्हणतो, तर पुन्हा शांतपणे त्याच प्रश्नावर या. आमच्याकडे गंगावेशीतल्या कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला जाणारे एक आजोबा होते. पहिल्या भेटीत म्हणाले, "दूध सोडलं." तिसऱ्या भेटीत कळलं की डाव्या ओठातून दूध ओघळतं म्हणून कट्टा सोडला होता.

खोलीत कोण बसलंय ते बघा. सासू समोर असताना सुनेला "घरच्या चर्चेत तुमच्या शब्दाला किंमत आहे का?" विचारलंत तर तिने काय सांगायचं? मी माझ्याबरोबर नेहमी एक सहकारी नेते. ती सासूबाईंचं ब्लडप्रेशर बघायला पुढच्या खोलीत बसते, त्यांच्या तक्रारीही मनापासून ऐकून घेते, आणि मी परड्यात बसून सुनेशी बोलते. गावात आशाताईंची ओळख घ्या, पण मुलाखतीच्या वेळी त्यांनाही नम्रपणे बाहेर थांबायला सांगा. ज्याने उपचार केले त्यानेही मुलाखत घेऊ नये. डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून लोक बरं सांगतात.

बरोबरीच्या लोकांशी तुलना करण्यात एक मर्यादा आहे आणि ती तुम्ही प्रबंधात स्पष्ट लिहावी असं मला मनापासून वाटतं. एखाद्या घरातल्या कुठल्याच सुना एकट्या बाजाराला जात नसतील, तर संधिवाताने वाकलेली सूनही "त्यांच्याइतकंच" म्हणेल आणि शून्य गुण घेईल. मोजणी चुकली का? नाही. ती आजारामुळे वाढलेली अडवणूक मोजते. रिवाजामुळे सगळ्यांचीच झालेली अडवणूक तिच्या कक्षेबाहेर आहे. म्हणून बायका आणि पुरुष यांचे गुण शेजारी ठेवून "बायकांना अडचण कमी" असा निष्कर्ष चुकूनही काढू नका. मी हा निष्कर्ष छापलेला पाहिला आहे आणि फार वाईट वाटलं.

वेळ कोणती निवडता त्यालाही महत्त्व आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ला पंचगंगेने काय केलं ते तुम्हाला सांगायला नको. अशा दिवसांत धडधाकट माणूसही घरात अडकतो. ऊसतोड सुरू असते तेव्हा शेतावरची माणसं दिवसा सापडत नाहीत आणि घरी सापडतात ती नेमकी कामाबाहेर पडलेली, त्यामुळे निवडच एकांगी होते. सणांच्या आठवड्यात उत्तरं उजळ येतात. शक्यतो तिन्ही गटांच्या मुलाखती एकाच महिना-दीड महिन्यात उरका. एकेका पी-स्केलला साधारण वीस मिनिटं धरतात. आपल्याकडे चहा धरून पाऊण तास जातो.

तीन आजारांची आपसात तुलना करायची असेल तर जोडीला 'हूडास २.०'ची बारा प्रश्नांची आवृत्ती घ्या. जागतिक आरोग्य संघटनेचीच आहे, गेल्या तीस दिवसांबद्दल विचारते आणि कुठल्याही आजाराला चालते. त्यात अर्धा तास उभं राहणं, किलोमीटरभर चालणं, घरची जबाबदारी, नवं काम शिकणं, सार्वजनिक कार्यक्रमात इतरांसारखं सामील होणं, अनोळखी लोकांशी वागणं, मैत्री टिकवणं असे प्रश्न आहेत. त्यात सहभाग आणि शरीराच्या हालचाली एकत्र आहेत, म्हणून पी-स्केलच्या जागी ती वापरू नका. एक व्यवहाराची गोष्ट: किलोमीटर म्हणजे किती हे कुणालाच नेमकं सांगता येत नाही. प्रत्येक गावात एसटी थांब्यापासून किलोमीटर कुठे संपतो ते गाडीवरून आधी मोजून ठेवा आणि प्रश्नात त्या जागेचं नाव घ्या.

पक्षाघाताच्या गटात काहींची वाचा गेलेली असेल. अभ्यास सोपा व्हावा म्हणून अशांना गाळतात. कृपा करून गाळू नका. माणसांतून सगळ्यात जास्त तुटलेले तेच असतात. हो, नाही, कधीकधी यांसाठी तीन ठळक चित्रं आणि अडचणीसाठी लहान-मोठे चार गोल काढून न्या. समजत असेल तर बोटाने दाखवतात. समजही गेली असेल तर घरच्यांचं उत्तर घ्या, पण ते वेगळ्या खुणेने नोंदवा आणि त्याची बेरीज स्वतःच्या उत्तरांत मिसळू नका. नवऱ्याने दिलेलं उत्तर आणि बायकोच्या मनातलं उत्तर वेगळं असू शकतं.

आकड्यांबद्दल थोडक्यात. १, २, ३, ५ हे गुण म्हणजे फूटपट्टीवरचे सेंटिमीटर नव्हेत. त्यामुळे नुसती सरासरी देऊ नका. मध्यक द्या आणि प्रत्येक पायरीत किती जण ते द्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रश्नवार तक्ता करा. दोघांचे गुण ३०च असतील, पण एकाचे काम आणि पैशातून आलेले, दुसऱ्याचे मान आणि भेटीगाठीतून. पहिल्याला कर्ज आणि अवजार लागेल, दुसऱ्यासाठी गावाशी बोलावं लागेल. दहा जणांना दोन आठवड्यांनी पुन्हा तेच विचारून उत्तरं जुळतात का तेही बघा.

आणि प्रश्नावलीच्या उजवीकडे एक कोरा रकाना आखा: 'कशामुळे?' पी-स्केल अडवणूक किती ते सांगतं, अडवणारं काय ते सांगत नाही. आयसीएफमध्ये परिसराचं वेगळं प्रकरण आहे, त्याच परिसरातून अडथळाही येतो आणि आधारही. इथे माणसाचेच शब्द लिहा. "बसची पायरी उंच." "संडासात उकिडवं बसता येत नाही म्हणून पाहुण्यांकडं जात नाही." हे दुसरं कारण मी संधिवाताच्या बायकांकडून इतक्यांदा ऐकलं आहे की आता शिबिरात खुर्चीचा कमोड नेऊन दाखवते. परदेशी प्रश्नावल्यांना उकिडवं बसणं आणि मांडी घालणं सुचत नाही. आपलं देवघर, पंगत आणि शौच तिन्ही जमिनीलगत. माझ्याकडची एक बाई संडासाला खुर्ची बसवल्यावर बारा दिवसांत बहिणीकडे मुक्कामाला गेली. सांधे होते तसेच होते.

आधाराच्या बाजूने काय होऊ शकतं त्याचं उदाहरण आपल्या शहरातच आहे. नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली इथे हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. त्या स्वतः चाकाच्या खुर्चीवर. शिक्षण, वसतिगृह, काम असं सगळं एकत्र आलं की शरीराची कमतरता तेवढीच राहून सहभाग किती वाढतो हे तिथल्या माणसांकडे बघून कळतं. सर्वेक्षणाला निघण्याआधी एक दिवस अशा ठिकाणी घालवा, म्हणजे पुढे गावात कुणी "आता एवढंच व्हायचं" म्हटलं की ते तसंच मान्य होणार नाही.

साठ जणांना तुम्ही मान, जोडीदार, घरातली किंमत असले प्रश्न विचारणार आहात. काही जण रडतील. ४१ गुण आलेली बाई फॉर्म भरून झाल्यावर म्हणाली, "पयल्यांदाच इचारलं कुणीतरी." त्यानंतर आपण नुसतं उठून येऊ शकत नाही. निघण्याआधी तुमच्या पिशवीत हवं: जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा दिवस-वेळ, सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपी आणि दाखल्यासाठी कुठे जायचं ते, दिव्यांग ओळखपत्राच्या अर्जाला लागणारी कागदपत्रं, आणि मन खचलेल्यासाठी समुपदेशनाची सोय. ३३च्या वर गुण आलेल्या प्रत्येकाकडे महिन्याभरात एकदा परत जाण्याचं आधीच वेळापत्रकात धरा आणि तसं मार्गदर्शकांकडून मंजूर करून घ्या.

निष्कर्ष तयार झाले की गावनिहाय एक पान, नावं न घालता, ग्रामपंचायतीला द्या. पंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात आणि बऱ्याच ठिकाणी ते वर्षअखेरीस घाईने कशावर तरी घातले जातात. "आठ जण दूध संस्थेच्या पायऱ्यांमुळे दूध घालायला येत नाहीत" असं तुमच्या पानावर असेल तर ग्रामसभेत कठडा मागणं सोपं जातं. एका गावात आम्ही असाच कठडा मागितला, मिळाला.

मराठी मसुदा तयार झाला की आधी पाच जणांना मोठ्याने वाचून दाखवा. त्यात किमान दोघं न शिकलेले असू देत. जिथे ते "म्हंजे?" म्हणतील तिथे खूण करा आणि तो मसुदा मला पाठवा.